नळपाणी योजनेचे वेळापत्रक : उन्हाळ्यापासून मागे मोजावयाचा हिशेब

नदीकाठच्या एखाद्या गावात उंच टाकी बांधून पूर्ण झालेली असते. गल्लोगल्ली नळ्या पुरलेल्या असतात, घरोघरी तोट्याही बसलेल्या असतात. आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्यांना घागर घेऊन जुन्या विहिरीवरच जावे लागते. चौकशी केली असता असे कळते की, पंपघराला अद्याप वीज मिळावयाची आहे, किंवा नदीकाठची विहीर अर्धवट असतानाच पूर आला. पैसा नव्हता असे नाही, माणसे कामचुकार होती असेही नाही. कामे झाली, परंतु ज्या क्रमाने व ज्या वेळी व्हावयास हवी होती, त्या क्रमाने व त्या वेळी झाली नाहीत. योजनेचे वेळापत्रक कसे आखावे व आखल्यानंतर ते कसे सांभाळावे, याचा विचार येथे बेळगाव-निपाणी परिसरातील परिस्थिती समोर ठेवून केला आहे.

वेळापत्रक म्हणजे तारखांची यादी नव्हे

‘सर्वेक्षण ऑगस्टमध्ये, विहीर जानेवारीत, टाकी मार्चमध्ये’ अशी यादी कार्यालयातील फलकावर पुष्कळदा आढळते. तिच्यात एक गोष्ट नसते, आणि नेमकी तीच महत्त्वाची असते : कोणते काम कोणत्या कामावाचून अडून राहते. वेळापत्रकाचा खरा गाभा तारखांत नसून या अवलंबनात आहे. तारखा त्यातून आपोआप निघतात.

निपाणी भागात तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हे कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्याच्या आरंभी तो रोपांसाठी तरवा टाकतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपे शेतात लावतो. तरव्यात रोप वाढत असते त्याच काळात तो शेताची मशागत उरकून घेतो. रोप तयार झाल्यावर मग नांगर धरत नाही. जी दोन कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत ती बरोबरीने चालवावयाची, आणि जे काम दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याची वेळ त्या दुसऱ्या कामाकडून मोजावयाची, हे तत्त्व त्याच्या हाडीमासी भिनलेले असते. मात्र हाच शेतकरी पंचायतीचा सदस्य झाला की, पंपघर बांधून झाल्याखेरीज विजेचा अर्ज कशाला, असे म्हणताना दिसतो.

अमेरिकन अभियंता हेन्री गँट याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कारखान्यांसाठी आडव्या पट्ट्यांचा तक्ता प्रचारात आणला. प्रत्येक कामासाठी एक पट्टी, ती जेवढी लांब तेवढा त्या कामाचा काळ. हा तक्ता आजही सर्वांत सुबोध आहे. परंतु एक काम लांबले असता दुसरे कोणते अडेल, हे त्यावरून सहज कळत नाही. ही उणीव भरून काढणारी बाणांच्या जाळ्याची पद्धत १९५७-५८ च्या सुमारास तेथेच दोन ठिकाणी विकसित झाली : एक ड्युपाँट या रसायन कंपनीत, दुसरी पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तेथील नौदलात. नावे मोठी असली, तरी त्यांतील गणित बेरीज-वजाबाकीपलीकडचे नाही. सातवी-आठवीतील विद्यार्थ्याला ते चौकटीच्या वहीवर करून दाखविता येईल.

वेदगंगेकाठचे एक गाव

वेदगंगेच्या काठी एक गाव आहे असे समजू. नदीकाठी जॅकवेल, तीवर पंपघर, तेथून गावापर्यंत उद्धरण नलिका, गावात उंच टाकी व तेथून वितरण नलिका अशी योजना आहे. पुढे दिलेले आठवड्यांचे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक गावात ते निराळे असतील.

सर्वेक्षण, आराखडा, अंदाजपत्रक व मंजुरी यांस ८ आठवडे. तद्नंतर निविदा व कार्यादेश यांस ६ आठवडे. कार्यादेशानंतर जॅकवेलच्या खोदाई-बांधकामास १२, विहीर पुरी झाल्यावर पंपघरास ५, पंप बसविण्यास २ आणि शेवटी संपूर्ण योजनेच्या चाचणीस २ आठवडे. या मालिकेची बेरीज ३५ आठवडे होते. उंच टाकीचे काम कार्यादेशानंतर लगेच सुरू करता येते. तिला १६ आठवडे व पाणी भरून गळती तपासण्यास २ आठवडे लागतात. टाकीसाठी लागणारी जागा सर्वेक्षण चालू असतानाच ग्रामपंचायतीने ताब्यात घेऊन ठेवलेली आहे. पंप मागविल्यापासून येईपर्यंत १०, उद्धरण नलिकेस ११ व वितरण नलिकेस १४ आठवडे. वीजजोडणीस अर्जापासून १६ आठवडे. पंपाची अश्वशक्ती आराखड्यात ठरत असल्याने हा अर्ज मंजुरी मिळताच करता येतो, त्यासाठी निविदेचीही वाट पाहावी लागत नाही.

आता शेवटची तारीख ठरवावयाची. गावाला पाणी खऱ्या अर्थाने हवे असते ते उन्हाळ्यात, यास्तव १ एप्रिल ही तारीख धरू. तेथून ३५ आठवडे मागे मोजले की ३० जुलै येते. म्हणजे सर्वेक्षणाचे काम ३० जुलैला सुरू व्हावयास हवे. ऐन पावसाळ्यात काम सुरू करावयाचे हे ऐकून कोणी हसेल. पण या भागात पावसाळा हा कागदाचा हंगाम आहे आणि पाऊस सरल्यानंतरचे दिवस हा मातीचा हंगाम आहे. ३० जुलैला आरंभ केला तर २४ सप्टेंबरला मंजुरी, ५ नोव्हेंबरला कार्यादेश, आणि नदीचे पाणी उतरलेले असताना ५ नोव्हेंबर ते २८ जानेवारी या काळात जॅकवेल होते. ४ मार्चला पंपघर, १८ मार्चला पंप, १ एप्रिलला पाणी.

निर्णायक मार्ग आणि सवड

वर सांगितलेली सर्वेक्षण, निविदा, जॅकवेल, पंपघर, पंप, चाचणी ही मालिका सर्वांत लांब आहे. हिच्यातील कोणतेही काम एक आठवडा लांबले तर पाणी एक आठवडा लांबते. हिला निर्णायक मार्ग म्हणता येईल. बाकीच्या कामांना थोडीबहुत सवड असते. उद्धरण नलिकेचे काम पंचविसाव्या आठवड्यात संपते, आणि तिची गरज चाचणीच्या वेळी, म्हणजे तेहतीस आठवडे संपल्यावर भासते. तिला ८ आठवड्यांची सवड आहे. वितरण नलिकेस ५ आठवडे, पंपाच्या पोहोचीस ७ आठवडे. टाकी मात्र गळती चाचणीसह बत्तिसाव्या आठवड्यात पुरी होते; तिची सवड अवघ्या एका आठवड्याची आहे. अधिकाऱ्यांच्या भेटीत टाकी नजरेत भरते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते, हे या दृष्टीने बरेच म्हणावयाचे. परंतु खरा धोका नदीच्या काठी, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या विहिरीत असतो.

विजेचे पाहू. मंजुरी मिळताच, २४ सप्टेंबरला अर्ज केला तर १४ जानेवारीपर्यंत जोडणीची तयारी होते. ती चाचणीच्या आत हवी असल्याने ९ आठवड्यांची सवड शिल्लक राहते. कागद एखाद्या टेबलावर महिनाभर पडून राहिला तरी बिघडत नाही. हाच अर्ज पंपघर उभे राहिल्यावर, ४ मार्चला केला, तर जोडणी २४ जूनला मिळते व चाचणी ८ जुलैला संपते. सगळा उन्हाळा कोरडा जातो. एका पानाच्या अर्जासाठी टाकी, नळ्या, पंप आणि त्यांत गुंतलेला सर्व पैसा चौदा आठवडे निष्क्रिय पडून राहतो. अर्ज करणे हे काम मोठे नाही, म्हणून ते यादीतही येत नाही. आणि यादीत नसते म्हणून त्याची आठवण होत नाही.

निर्णायक मार्गावरील दिरंगाईचा या भागात आणखी एक विशेष आहे. ती सरळ रेषेत वाढत नाही. कार्यादेश ८ आठवडे उशिरा निघाला तर पाणी ८ आठवडे उशिरा, मे अखेरीस येते. उन्हाळा हुकला तरी काम पुरे होते. पण कार्यादेशास २० आठवडे उशीर झाला तर जॅकवेलचे काम २५ मार्चला सुरू होऊन १७ जूनपर्यंत जावयास हवे. मृग नक्षत्र त्याच्या आधीच लागलेले असते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळला की वेदगंगा व दूधगंगा फुगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर आले होते आणि वाहतूक बंद पडली होती. अशा नदीकाठी अर्धवट खणलेली विहीर गाळाने भरून जाते, आणि तिचे काम पुन्हा नोव्हेंबरमध्ये, गाळ उपसण्यापासून सुरू करावे लागते. कागदावरील पाच महिन्यांच्या उशिराचे प्रत्यक्षात एक वर्ष होते, आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

माणसे आणि साहित्य

वरील हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. जॅकवेल आणि टाकी ही दोन्ही कामे ५ नोव्हेंबरला एकदम सुरू होतात, असे धरले आहे. कागदावर त्यास काही अडचण नाही. पण ठेकेदाराकडे गवंड्यांची टोळी एकच असेल, किंवा सेंटरिंगचे साहित्य एका कामापुरतेच असेल, तर टाकीचे काम विहीर संपल्यावर, २८ जानेवारीस सुरू होईल व गळती चाचणीसह ३ जूनला संपेल. म्हणजे निर्णायक मार्गच बदलला. यास्तव निविदेतील अटी ठरवितानाच दोन्ही कामांसाठी स्वतंत्र टोळ्या असाव्यात, हे लेखी घेणे अगत्याचे आहे.

मजुरांच्या बाबतीत हा भाग थोडा अवघड आहे. पाऊस संपून नदी उतरते त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो, आणि ऊसतोडीला माणसे लागतात. संकेश्वरच्या हिरण्यकेशी कारखान्यापासून निपाणी-चिकोडीपर्यंत हीच परिस्थिती. जानेवारी-फेब्रुवारीत तंबाखूची काढणी येते. बांधकामाचा हंगाम आणि शेतमजुरीचा हंगाम एकाच वेळी येत असल्याने, विहिरीवर रोज किती माणसे खात्रीने मिळतील हे गावातील जाणत्या माणसाला विचारल्याखेरीज आठवड्यांचा आकडा लिहू नये. कार्यालयात बसून काढलेला आकडा येथे बहुधा फसतो.

हीच चूक मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या, म्हणजे बच्छावत लवादाच्या निवाड्यात ३१ मे २००० ही फेरविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख होती. तिच्या आत आपल्या वाट्याचे पाणी वापरात आणता यावे यासाठी महाराष्ट्रात १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. शेवटची तारीख धरून मागे मोजणे योग्यच होते. परंतु पुष्कळ कामे एकाच वेळी हाती घेतली गेल्याने पैसा व यंत्रणा वाटली गेली, आणि त्यांतील अनेक कामे ती तारीख उलटून गेल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिली.

याच्या उलट, कामाचे असे टप्पे पाडावेत की प्रत्येक टप्पा स्वतःच्या बळावर उपयोगी पडेल. घटप्रभा प्रकल्प याचे जवळचे उदाहरण होय. धुपदाळचा बंधारा १८९७ चा. त्यावरून निघालेल्या डाव्या कालव्याने पाणी देणे सुरू झाले. हुक्केरी तालुक्यातील हिडकलचे धरण त्यानंतर सुमारे आठ दशकांनी, १९७७ मध्ये पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ५१ अब्ज घनफूट आहे. धरण होईपर्यंत कालवा कोरडा पडून राहिला नाही. नळपाणी योजनेतही वितरण नलिकांचे काम वाड्यावार पाडता येते. टाकीजवळचा भाग आधी पुरा केला, तर शेवटची वाडी राहिली तरी बाकीच्या गावाला पाणी मिळते.

आकडे कसे काढावेत

जॅकवेलला १२ आठवडे लागतील असे अभियंता सांगतो, तेव्हा तो सर्व काही बऱ्यापैकी सुरळीत होईल असे धरून सांगत असतो. पोलॅरिसच्या कामात वापरलेल्या पद्धतीत एकाऐवजी तीन आकडे विचारतात : सर्व अनुकूल असेल तर किती, साधारणतः किती, आणि खडक लागला, उपसा पंप बिघडला, मजूर गेले तर किती. समजा उत्तरे ९, १२ व २१ अशी आली. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात दोन्ही टोकांचे आकडे मिळवावयाचे व बेरजेस सहाने भागावयाचे. ९ अधिक ४८ अधिक २१ म्हणजे ७८. भागिले ६, उत्तर १३. एक आठवडा वाढला. हा आठवडा मार्चमध्ये कोठून काढावा याची विवंचना करण्यापेक्षा तो जुलैमध्येच काढावा, म्हणजे सर्वेक्षण ३० ऐवजी २३ जुलैला सुरू करावे. वाईटात वाईट आकडा सांगावयास माणसे बिचकतात. तो सांगणाऱ्यास निराशावादी ठरवू नये.

वेळापत्रक सांभाळणे

वेळापत्रक आखून भिंतीवर लावले की काम संपले असे मानण्याची प्रवृत्ती आहे. वस्तुतः तेथून पुढेच त्याचा उपयोग. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराचा दिवस सोडून, पंचायत विकास अधिकारी, अभियंता, ठेकेदाराचा माणूस व दोन-तीन ग्रामस्थ यांनी तक्त्यासमोर पंधरा मिनिटे उभे राहावे. प्रश्न एकच विचारावा : या कामाचे आता किती आठवडे उरले? ‘किती टक्के झाले’ हा प्रश्न विचारू नये. विहिरीचे नव्वद टक्के काम झाले, हे उत्तर महिनाभर दर आठवड्यास ऐकावयास मिळते; आणि शेवटच्या दहा टक्क्यांतच खडक असतो.

समजा विसाव्या आठवड्यात खडक लागला व विहिरीस तीन आठवडे जास्त लागणार असे दिसले. पाणी १ एप्रिलऐवजी २२ एप्रिलला येईल. पण त्याच वेळी टाकीची सवड एका आठवड्याची होती ती चारची झाली, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. टाकीवरचे काही गवंडी पुढे पंपघरावर घेता येतील व तेथे एक आठवडा भरून काढता येईल. टाकी चार आठवड्यांपेक्षा अधिक मागे पडणार नाही एवढे पाहावे. असा बदल करताना मूळ वेळापत्रक खोडू नये. नवे वेळापत्रक त्याच्याखाली वेगळ्या शाईने लिहावे, म्हणजे कोठे काय घडले हे कळते. खोडाखोड केलेला तक्ता नेहमी वेळेवरच दिसतो!

प्रत्येक काम माणसे वाढवून लवकर करता येत नाही. विहिरीच्या तळाशी एका वेळी ठरावीकच माणसे उभी राहू शकतात. टाकीच्या काँक्रीटवर पाणी मारण्याचे दिवस कमी करता येत नाहीत. काँक्रीटची प्रमाण मजबुती २८ दिवसांची मानतात, ती दहा दिवसांत मागून मिळत नाही. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून सेंटरिंग लवकर काढले, तर वेळापत्रक सांभाळले असे होत नाही. पुण्याजवळील पानशेतचा इतिहास या संदर्भात आठवावा. ठरलेल्या मुदतीच्या आधी, १९६१ च्या पावसाळ्यातच तेथे पाणी अडविले गेले. विमोचकाचे काम अपुरे असताना जलाशय भरत गेला. १२ जुलै १९६१ रोजी ते मातीचे धरण फुटले, त्याखालचे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याचा नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. एका कामावर दुसरे अवलंबून असते, हे पाणी विसरत नाही.

तक्ता कोठे व कसा लावावा

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आतल्या खोलीत लावलेल्या तक्त्याचा गावाला उपयोग नाही. तो दर्शनी भिंतीवर, मराठीत व कन्नडमध्ये, दोन हात लांबीच्या चौकटीच्या कागदावर असावा. एक चौकट म्हणजे एक आठवडा. निर्णायक मार्गावरील पट्ट्या तांबड्या, बाकीच्या निळ्या, आणि निळ्या पट्टीपुढे जेवढी सवड तेवढ्या चौकटी तुटक रेषेने दाखवाव्यात. शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून हा तक्ता काढून घेतल्यास गणिताचा एक चांगला पाठही होतो. ज्या घरात पाण्याची घागर डोक्यावर येते, त्या घरातील मुलाला तांबडी पट्टी एक चौकट पुढे सरकली म्हणजे काय झाले, हे समजावून सांगावे लागत नाही.

योजना पुरी झाल्यावर तक्ता काढून टाकू नये. प्रत्येक कामास प्रत्यक्षात किती आठवडे लागले, खडक किती फुटांवर लागला, विजेच्या अर्जाचा कागद कोठे किती दिवस होता, हे त्यावर लिहून तो दप्तरी ठेवावा. शेजारच्या गावात पुढची योजना मंजूर होईल, तेव्हा तीन आकडे विचारण्यासाठी तेथील अभियंत्याला याहून भरवशाचा आधार मिळणार नाही.